दृश्य परिश्रम

रुग्णालयाच्या सूज-उपचार खोलीत कुणीही ओरडत नाही, ही बाब गुणवत्ता कक्षाच्या निदर्शनास आली, तेव्हा तिची गंभीर दखल घेण्यात आली. शेजारच्या खोलीत गुडघे वाकवले जात आणि तिथले आवाज थेट वरच्या मजल्यापर्यंत पोहोचत. तो विभाग उत्तम चालला होता. सूज-उपचार खोलीतून मात्र कधीमधी घोरणं ऐकू येई.

तक्रार रीतसर होती. तक्रारदार होत्या पडदेवाल्या मावशींच्या नणंदबाई. मावशी एका दुकानात पडदे शिवत. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या ग्रंथी काढल्या, तेव्हापासून उजव्या हातात उतरलेलं पाणी वर चढेना आणि हात लोडासारखा सुजला. दुकानदाराने त्यांचं शिलाई मशीन महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलं होतं. तोवर हात कामाला आला तर ठीक, नाहीतर त्या मशीनवर दुसरी बाई बसणार होती.

“मॅडम दाबतच नाहीत हो,” नणंदबाई कक्षात म्हणाल्या. “नुसता हात फिरवतात. एवढा तर मी घरी मांजरावरून फिरवते. आणि सुजलाय हात, तर ह्या सुरुवात करतात मानेपासून!”

कक्षाधिकारी जातीने पाहणीला आले. पलंगावर मावशी डोळे मिटून पडल्या होत्या. फिजिओथेरपिस्ट मॅडम दोन बोटांनी त्यांची कातडी हलकेच ताणत होत्या आणि सोडत होत्या.

“उपचार सुरू आहे, की सुरू व्हायचाय?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“सुरू आहे, साहेब.”

“तो सुरू असल्याचं कुणाच्या लक्षात यावं, अशी काही सोय?”

मॅडमनी समजावून सांगितलं. या पाण्याच्या वाहिन्या कातडीच्या अगदी खाली असतात. जोर लावला की त्या मिटतात. आधी मानेकडची वाट मोकळी करायची, मग हातातलं पाणी हळूहळू तिकडे न्यायचं. त्यानंतर पट्ट्यांचे थर, आणि पट्ट्यांसकट व्यायाम. त्यांनी टेप लावून दाखवला. दंडाचा घेर उतरला होता.

“घेर उतरला, हे मान्य,” अधिकारी म्हणाले. “पण तो उपचाराने उतरला कशावरून? उपचार होताना तर कुणी पाहिलेलाच नाही.”

लवकरच परिपत्रक निघालं. यापुढे प्रत्येक उपचारात ‘दृश्य परिश्रम’ आढळणं अनिवार्य राहील. उपचारकाच्या कपाळावर घाम असावा, श्वास ऐकू यावा, आणि रुग्णाने किमान मध्यम दर्जाचं कण्हावं. घाम व कण्हणं यांपैकी एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढता येणार नाही, असा खुलासाही शेवटी होता.

मॅडम नोकरी करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सुवर्णमध्य काढला. हात हलकाच ठेवायचा आणि जोर चेहऱ्यावर आणायचा. त्या कोपर वर उचलू लागल्या, दात आवळू लागल्या, मधूनच “हुंऽऽ” करू लागल्या. घामासाठी खिडकीतल्या कुंडीवर फवारायची बाटली कामी आली.

“मावशी, थोडं कण्हा.”

“अहो, पण दुखत नाही. उलट डुलकी लागते.”

“माझ्यासाठी कण्हा.”

मावशी भिडस्त होत्या. त्यांनी आधी संकोचत, मग सरावाने कण्हायला सुरुवात केली. दारातल्या नणंदबाईंचा चेहरा उजळला. “आता कसं! आता वाटतंय, काहीतरी चाललंय.” कक्षाने विभागाला उत्कृष्ट शेरा दिला. घेर उतरतच होता. मावशींनी एकदा अख्खी शिवण घालून पाहिली आणि कुणाला न सांगता थोडं रडून घेतलं.

पण सुट्टीच्या दिवशी विभाग बंद असे. वहिनीचे उपचार बुडू नयेत, म्हणून नणंदबाईंनी घरी पदर खोचला. त्यांनी रुग्णालयात जे पाहिलं होतं तेच केलं. पट्ट्या सोडल्या, कोपर वर उचललं, दात आवळले आणि “हुंऽऽ” करून वहिनीच्या दंडावर सगळा भार टाकला. मनापासून, माया करून.

पुढच्या खेपेला मॅडमनी हात पाहिला आणि लगेच टेप लावला. हात लालभडक होता आणि आधीपेक्षा जाड.

“कुणी दाबला?”

“मी,” नणंदबाई अभिमानाने म्हणाल्या. “तुमचंच बघून.”

“मावशी, तुम्ही ओरडला नाहीत?”

“ओरडले की,” मावशी म्हणाल्या. “पण इथंही मी तेच करत होते ना. वन्सं म्हणाल्या, छान गुण येतोय.”

मॅडमनी कक्षात जाऊन सगळं खरं सांगून टाकलं. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे आपण मेहनत घेत नव्हतात?”

“मेहनतीचं नाटक करत होते, साहेब. हात हलकाच होता.”

“आणि नणंदबाई?”

“त्यांनी खरंच दाबला. म्हणून तर सूज वाढली!”

“सूज हा वैद्यकीय विषय आहे, तो कक्षाच्या अखत्यारीत येत नाही,” अधिकारी म्हणाले. “आमच्यापुढे प्रश्न एवढाच, की प्रामाणिक कोण?”

मॅडमची बदली जुन्या एक्स-रेंच्या कोठीत झाली. तिथे एक्स-रे इकडून तिकडे उचलून ठेवावे लागत, त्यामुळे परिश्रम आपोआपच दिसत. नणंदबाईंना ‘आदर्श नातेवाईक’ म्हणून गौरवण्यात आलं आणि त्यांची प्रात्यक्षिकं ठरली. महिना सरला. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने मावशींचा हात पाहिला, चहा पाजला आणि मशीन दुसरीला दिलं. मावशी रिकाम्याच झाल्यामुळे प्रात्यक्षिकांसाठी हाताची अडचण राहिली नाही.

पहिल्याच प्रात्यक्षिकाला सभागृह भरलं. नणंदबाईंनी दाबलं, मावशी कण्हल्या, टाळ्या पडल्या. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, “कुणाला स्वतः दाबून पाहायचंय?” रांग दाराबाहेर गेली. इंजेक्शन दिलं नाही म्हणून डॉक्टर बदलणारे, औषध कडू नाही म्हणून त्याच्यावर शंका घेणारे, मास्तर मारत नाहीत म्हणून मुलांची शाळा बदलणारे, असे आपण सगळेच त्या रांगेत होतो.

मावशींनी पहिल्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “हलकेच दाबाल ना?”

त्याला जरा वाईट वाटलं. पण मागे एवढे लोक ताटकळत असताना त्याने नुसता हात फिरवला असता, तर आपणच त्याला व्यासपीठावरून खाली खेचलं असतं.