भिंतीपलीकडचा ठेका

थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा आणि धाकटा ड्रम वाजवायला शिकवायचा. दोघांची दुकानं शेजारीशेजारी, मधे एकच भिंत. एवढ्यावरून कोणी कोर्टात जातं का, असं वाटेल. पूर्वी जात नसत. आता तशी सोय उपलब्ध झाली आहे.

एका सकाळी थोरला डोळ्याला भिंग लावून एका नाजूक मनगटी घड्याळात जेमतेम दिसेल एवढा स्क्रू बसवत होता. पलीकडे ड्रमची नवी बॅच सुरू झाली. पहिल्याच ठोक्याला हातातला चिमटा उडाला, स्क्रू चहात पडला आणि शोधाशोध करून दमलेल्या थोरल्याने तो चहा पिऊन टाकला.

धाकटा अविवाहित होता आणि रोज थोरल्याकडेच जेवायचा. त्या दिवशी जेवताना विषय निघाला, तेव्हा तो हसून म्हणाला, "दादा, आता तूच टिकटिक करशील बघ."

थोरल्याला हे लागलं. दुसऱ्या दिवशी तो ओळखीच्या वकिलाकडे गेला. "एक साधं पत्र द्या. सकाळी जरा हळू वाजव, एवढंच. माझं ऐकत नाही, वकिलाचं तरी ऐकेल."

हा वकील पूर्वी अशी पत्रं चार ओळींत लिहायचा आणि पाठवायच्या आधी "घरी जाऊन बोला की हो," असं सुनवायचाही. पण नुकतंच त्याने 'वादसखा' घेतलं होतं. दावे आणि तंटे यांसाठीच बनवलेलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं हे खास साधन. विकणारा म्हणाला होता, "साहेब, बाकीच्या साधनांना सगळ्यातलं थोडं थोडं कळतं. याला भांडणाशिवाय काहीच कळत नाही."

वकिलाने तक्रार टाइप केली. वादसखाने विचारलं, सदर प्रकार कधीपासून सुरू आहे?

"तसा लहानपणापासूनच," थोरला म्हणाला. "जेवायला उशीर झाला की ताट बडवायचा."

पडद्यावर उमटलं: प्रतिपक्षाच्या वर्तनात बालपणापासून सातत्य.

"अहो, प्रतिपक्ष कसला? बाळ्या आहे तो आमचा."

"होता," वकील म्हणाला आणि त्याने छपाईचं बटण दाबलं.

नोटीस पाठीला उशी म्हणून घेता येईल एवढी जाड झाली. धाकट्याने पूर्वनियोजित ठेक्याद्वारे सख्ख्या भावास धातूची वस्तू गिळण्यास भाग पाडलं, असं तीत म्हटलं होतं. थोरल्याने शेवटच्या पानावर सही केली. मधली पानं वाचायला भिंगही पुरलं नसतं.

धाकट्याने मात्र ती वाचली. दोनदा वाचली. मग तो एका वकीलबाईंकडे गेला.

"दादा असं बोलणारच नाही," तो म्हणाला.

"सही कोणाची आहे?"

"दादाचीच."

"मग बोलला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपलं साधन उघडलं. त्यांच्याकडेही वादसखाच होतं.

उत्तर आलं ते नोटिशीच्या दुप्पट. थोरल्याच्या दुकानातली घड्याळं निरनिराळ्या चालीत टिकटिकतात, त्यामुळे भिंतीपलीकडच्या विद्यार्थ्यांचा ताल बिघडतो, एका मुलीला तर आता सरळ चालताही येत नाही, असा प्रतिदावा त्यात होता. दोन्ही वकिलांना वादसखाने विजयाची शक्यता चौऱ्याण्णव टक्के दाखवली. गणित येणाऱ्याला शंका आली असती. पण गणित जमलं नाही, म्हणूनच तर दोघं कायद्याकडे वळले होते.

प्रकरण कोर्टात गेलं आणि मग जेवणाचा मुद्दा निघाला. दावा चालू असताना पक्षकारांनी एका टेबलावर बसणं धोक्याचं आहे, असा इशारा वादसखाने दिला. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, तावातावाने नवऱ्याच्या वकिलाकडे आली.

"म्हणजे मी त्याला वाढायचं नाही?"

"वाढा की. फक्त आग्रह केला होता का, ते शपथपत्रावर द्यावं लागेल. आग्रह म्हणजे साक्षीदारावर दबाव."

"अहो, आग्रह नाही केला तर तो अर्धपोटी उठतो!"

"मग उपासमार. तोही वेगळा अर्ज होऊ शकतो. देऊन ठेवू का?"

धाकटा जेवायला यायचा थांबला. क्लास संपल्यावर ड्रमच्याच स्टुलावर बसून तो चहात पाव बुडवून खायचा. भिंतीच्या अलीकडे थोरला घड्याळ उघडायचा, बंद करायचा आणि पुन्हा तेच उघडायचा. वहिनीने नवऱ्याशी अबोला धरला होता.

सुनावणीच्या दिवशी थोरल्याच्या वकिलाने एक जुना निकाल सादर केला: घंटाघराचा रखवालदार विरुद्ध सासूबाई. असा निकाल कुठेच नव्हता. तो वादसखाने गरजेपोटी तयार केला होता. हा निकाल आहे कुठे, असं वकीलबाईंना विचारता आलं असतं. पण त्यांच्या वादसखाने त्याहून सोपा मार्ग सुचवला. हाच निकाल वरच्या कोर्टाने फिरवल्याचा निकाल त्याने जागच्या जागी काढून दिला.

न्यायाधीश म्हणाले, "मला यातला एकही सापडत नाही."

कोर्टालाही कामाचा उरक वाढावा म्हणून वादसखा देण्यात आलं होतं. त्याचा अभिप्राय आला की दोन्ही निकाल परस्परविरोधी आहेत, आणि जे अस्तित्वातच नाही त्याला कोणी विरोध करत नाही, सबब दोन्ही अस्तित्वात आहेत. न्यायाधीशांपुढे फायलींचा डोंगर होता. त्यांनी दोन्ही निकाल आपल्या आदेशात नमूद केले. त्या क्षणापासून ते खरोखरच अस्तित्वात आले.

बाहेर व्हरांड्यात एकच बाक होता. त्याच्या दोन टोकांना दोघे भाऊ बसले होते.

धाकटा थोरल्याकडे बघून म्हणाला, "दादा, वाळलास रे."

"तुझी वहिनी बोलत नाही. वाढते, पण ताट आपटून. तुझ्यापेक्षा बरा ठेका आहे तिचा."

धाकट्याला हसू फुटलं. मग थोरल्यालाही. शिपायाने डोळे वटारले तेव्हा कुठे ते थांबले.

"मी क्लास संध्याकाळी घेऊ का?" धाकटा म्हणाला. "सकाळी पोरं झोपेतच बडवतात."

"घे की. दुरुस्ती मी सकाळीच करतो. संध्याकाळी नुसतं गिऱ्हाईक बघायचं असतं." थोरला बाकावर जरा जवळ सरकला. "आणि ते नोटिशीतलं मी नव्हतो रे बोललो."

"माहीत आहे."

दोघं उठून आत गेले आणि म्हणाले, "आमचं मिटलं."

दोन्ही वकिलांना क्षणभर खरंच बरं वाटलं. मग त्यांनी सवयीने पडद्याकडे पाहिलं. दोन्ही पडद्यांवर एकच मजकूर होता: अशिलाचा विजय जवळपास निश्चित आहे. जिंकणारा माणूस शुद्धीत असताना तडजोड करत नाही. पक्षकार व्हरांड्यात हसताना आढळले. वैद्यकीय तपासणीची मागणी करावी.

या प्रकरणात प्रथमच दोन्ही वकिलांनी एकत्र अर्ज दिला. दोघा भावांना स्वतःचं हित कळत नाही, सबब त्यांचं म्हणणं विचारात घेऊ नये.

न्यायाधीशांनी कपाळ चोळलं. "अहो, यांच्यात वादच उरला नाही, तर दावा कसला?"

कोर्टाच्या वादसखाने तत्काळ तोडगा काढला. ज्यांच्यात वाद नाही ते पक्षकार असू शकत नाहीत, सबब दोघांची नावं वगळावीत. दावा मात्र रीतसर दाखल झालेला असल्याने पुढे चालेल. फक्त नवे पक्षकार लागतील.

ते मिळायला वेळ लागला नाही. भावाभावांचं भांडण एव्हाना गावभर झालं होतं आणि ज्याच्या त्याच्याकडे मत तयार होतं. वादसखाने फोनवरच्या गटांतून, दुकानांच्या पायऱ्यांवरून ती मतं गोळा केली. ज्याने मत बनवलं त्याचा दाव्यात हितसंबंध निर्माण झाला, असं तत्त्व ठरलं आणि समन्स निघाली. केस कापणारा कारागीर अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच सोडून कोर्टात धावला.

"साहेब, मी एवढंच म्हटलं होतं, की धाकट्याने मोठ्याचं ऐकावं!"

"कबुली नोंदवून घ्या," दोन्ही वकील एकदम म्हणाले.

भाऊ सुटले. धाकटा पुन्हा थोरल्याकडे जेवायला जातो. वहिनी त्याला पोट फुटेस्तोवर आग्रह करते आणि नवऱ्याशी, थोडं तुटकच का होईना, बोलते. संध्याकाळी भिंत हादरते तेव्हा थोरला गिऱ्हाइकाला म्हणतो, "धाकटा भाऊ आहे माझा. क्लास चांगला चालतो त्याचा."

दावा अजून चालू आहे. पक्षकारांची भरती सध्या वाचकांमधून होत असून, तुम्ही ही हकिकत इथवर वाचलीत याची नोंद झालेली आहे. वाचताना कुठेतरी 'चूक याचीच' असं तुमच्या मनात येऊन गेलं असणार. कोणाची, ते मला सांगू नका. समन्स घेऊन दारात येणाऱ्या बेलिफाला सांगा. आणि 'मी कोणाचीच बाजू घेतली नाही' असं म्हणायचा विचार असेल, तर तो आत्ताच सोडा. तसं म्हणणाऱ्यांचा वेगळा गट करण्यात आला आहे आणि दोन्ही बाजू सध्या त्यांच्यावरच तुटून पडल्या आहेत.