हौसाची बरणी पुष्करच्या घाटावर

माझ्या जिभेला आजवर कुणी फसवू शकलेलं नाही.

गावच्या दूध संस्थेत बत्तीस वर्षं मी दूध तपासायला होतो. फॅटचं मशीन नंतर आलं, त्याआधी माझी जीभ हेच मशीन होतं. थेंबभर दूध जिभेवर घेतलं की मी सांगायचो, ह्यात तांब्याभर पाणी आहे, आणि ते विहिरीचं आहे, नळाचं नाही. ज्ञानू मगदुमाचं दूध मी एकदा भर रांगेतनं परत पाठवलं. तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायला तयार होता. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. अजून मी दिसलो की तो रस्ता बदलतो. बदलू दे. माझी जीभ खोटं बोलत नाही.

म्हणून मुलानं, पृथ्वीराजनं, माझ्यासाठी राजस्थानची सहल ठरवली तेव्हा मला काळजी होती ती फक्त जेवणाची. जुनी शहरं, डोंगर, वाळवंट, सगळं बघायला माझी तयारी होती. माझी बायको हौसा जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि मी घराबाहेर पडत नव्हतो.

"मामा, नऊ दिवसांचा तर प्रश्न हाय," सून संयोगिता म्हणाली. "अकराच माणसं हायत, संगट गाइड हाय. जाऊन या की."

खरं म्हणजे मी दिवसभर घरात बसून तिच्या स्वयंपाकात खोट काढायचो, त्याला ती कंटाळली असावी.

आता चटणीचं सांगतो. आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षभराची कांदा-लसणाची चटणी करून ठेवतात. श्रावणात हौसा गेली, त्याच्या आधीच्या मे महिन्यातली चटणी मी पुरवून पुरवून खात होतो. जेवताना अर्धा चमचा, जास्त नाही. उरली होती एक लहान चिनी मातीची बरणी. तोंडाला हौसानंच बांधलेला लाल खणाचा दादरा. पुढच्या उन्हाळ्यात सुनेनं नवी चटणी केली. मी एक घास खाल्ला आणि सांगून टाकलं, "हात त्यो हात. ह्यात हौसाचा हात न्हाय."

ती उठली. तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली.

तर ती लहान बरणी मी सहलीला बरोबर घेतली. ती संपली की हौसाच्या हातचं जगात काही उरणार नव्हतं.

रेल्वेत माझ्या शेजारी सयाजी आले. पेठ वडगावचे, एसटीचे निवृत्त कंडक्टर. नऊ दिवस आम्हा दोघांना एकच खोली होती.

"पावणं, बॅग वर ठेवू का?"

"बॅग ठेवा. ही बरणी न्हाय. ही मांडीवरच."

"काय हाय त्यात?"

मी सांगणार होतो. पण रेल्वेत रडायचं नव्हतं. "आमच्या मंडळींचं हाय," एवढंच म्हणालो आणि खिडकीतनं बाहेर बघत बसलो.

सयाजींनी बरणी बघितली. लाल कपडा बघितला. मग हळूच चपला काढून पाय वर घेतले आणि मिरजेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. कंडक्टर माणूस इतका वेळ गप्प बसतो हे बघून मला बरं वाटलं.

अहमदाबादपासून पुढं मिनीबस होती. गाइड वर्षाराणी इचलकरंजीची. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढल्यामुळं तिला माइक लागत नव्हता. पण माझ्याशी बोलताना तिचा आवाज एकदम खाली यायचा. "काका, तुम्ही पुढं बसा. शेजारची सीट मोकळी ठेवलीय. बरणीला."

बरणीला सीट! वर तिनं पट्टाही लावला. मी मनात म्हणालो, पैसे घेतात पण सोय करतात.

उदयपूरला राजवाडा बघून आलो, तर बरणीपुढं झेंडूची दोन फुलं. हुपरीचे चांदीचे व्यापारी मल्लिकार्जुन आण्णा आणि त्यांच्या पत्नी शांतादेवी आमच्या मागच्या सीटवर होते. फुलं शांतादेवींनी वाहिली होती.

"किती दिवस झाले?" त्यांनी हळू विचारलं.

"दीड वर्ष होईल," मी म्हणालो. चटणीचं सांगत होतो.

"इतके दिवस घरातच ठेवलंय?"

"स्वयंपाकघरात. फडताळात, वरच्या फळीवर. मुंग्या लागत न्हाईत तिथं."

शांतादेवींनी डोळ्याला पदर लावला. आण्णा म्हणाले, "आधी ओळख असती तर चांदीचं भांडं करून दिलं असतं हो. चिनी मातीत ठेवलंय बिचारीला." मला वाटलं, व्यापारी माणूस, जिथं तिथं गिऱ्हाईक बघतो.

अबूच्या घाटात बस वळली की मागनं चार-चार हात बरणी धरायला पुढं यायचे. वर थंडी होती. शांतादेवींनी स्वतःची शाल काढून बरणीला गुंडाळली आणि स्वतः कुडकुडत बसल्या. सयाजी रोज सकाळी उठले की आधी टेबलावरच्या बरणीला नमस्कार करायचे, मग तोंड धुवायला जायचे. खोलीतला दिवा मात्र ते विझवू द्यायचे नाहीत. एवढं सगळं बघून मी काय समजलो? तर ही चटणीची किंमत कळणारी माणसं आहेत. माझ्या जिभेएवढंच माझं डोकंही तल्लख आहे, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

एक अडचण होती. एवढी माणसं बघत असताना बरणी उघडायची कशी? चटणी काढली की अकरा ताटं पुढं येणार. म्हणून चार दिवस मी ती उघडलीच नाही. दाल-बाटी खाल्ली, कढी खाल्ली, गट्ट्याची भाजी खाल्ली. चांगलं जेवण होतं, पण माझ्या जिभेला सुतक लागल्यासारखं झालं.

जैसलमेरला वाळवंटात तंबू होते. दुपारी सगळे उंटावर बसून फोटो काढत होते. मी बाजरीची भाकरी घेतली, बरणी घेतली आणि तंबूच्या मागं जाऊन बसलो. दादरा सोडला. चमचा नव्हता. दोन बोटं घातली, भाकरीवर चटणी पसरली आणि बोटं चाटली. चार दिवसांनी जीव थंड झाला.

डोळे उघडले तर समोर शांतादेवी उभ्या. हातात उंटासाठी आणलेला गूळ. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, बरणीकडं बघितलं, पुन्हा तोंडाकडं बघितलं आणि आहे तिथंच वाळूत बसल्या.

"ऊन लागलं का तुम्हाला?" मी विचारलं. "थोडी देऊ? कुणाला सांगू नका मात्र."

त्या उठल्या आणि पळाल्या. साठीची बाई, पण उंट मागं राहिला.

पुढचं मला नंतर कळलं. वर्षाराणीनं तिथनं आमच्या घरी फोन लावला. संयोगितानं उचलला.

"ताई, कसं सांगू? तुमचे सासरे बरणीतलं... आईंचं... खातायत."

"खाऊ देत की," आमची सून म्हणाली. "घरी बी रोज खात्यात. अर्धा चमचा, भाकरीसंगट."

वर्षाराणीच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि तुम्ही बघत बसता?"

"सांगून बघितलं वो. ऐकत न्हाईत. दुसरं कुणाचंबी चालत न्हाय त्यांना."

वर्षाराणीनं फोन ठेवला आणि बसच्या टायरला टेकून बसली. तिनं ठरवलं, ह्या घराच्या भरवशावर राहायचं नाही.

त्या दिवसापासून माझ्याशी सगळे फार गोड बोलायला लागले. माझ्या ताटात कुणी बर्फी वाढायचं, कुणी केळं सोलून द्यायचं. "काका, पोटभर जेवा. भूक ठेवू नका." सयाजींनी खाट ओढून दाराजवळ नेली आणि चप्पल घालून झोपायला लागले.

नवव्या दिवशी परतीची गाडी होती. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही पुष्करला पोचलो. तळं, चारी बाजूंनी पायऱ्या, पांढरी घरं. वर्षाराणी म्हणाली, "काका, काकूंच्या नावानं छोटी पूजा ठेवलीय. बरणी घ्या संगट."

मला भरून आलं. हौसाला ओळखत नाहीत ही माणसं आणि तिच्या नावानं पूजा! बरणी कशाला, हे काही विचारलं नाही. मला वाटलं, तिच्या हातचं काहीतरी समोर असावं म्हणून.

पायरीवर पंडितजी बसले होते. मला टॉवेल डोक्यावर घ्यायला लावला. नाव विचारलं, गोत्र विचारलं. दहाही जण अनवाणी माझ्या मागं उभे. शांतादेवी हुंदके देत होत्या, आण्णांनी टोपी काढली होती. मीही रडलो. सव्वा वर्षात इतकं मोकळं रडलो नव्हतो. मग पंडितजींनी माझ्या मांडीवरच्या बरणीला हात घातला.

"लाइए, अब विसर्जन कीजिए."

"कशाचं?"

"अस्थियों का."

"काका," वर्षाराणी गुडघ्यावर बसून म्हणाली, "सोडा आता त्यांना. मोकळं करा. असं बरणीत ठेवून... आणि ते दुसरं जे करताय... बरं न्हवं ते."

मी बरणी छातीशी धरली. "ही सोडायची न्हाय. अजून दोन महिने जाईल."

हे ऐकून शांतादेवींनी डोळे मिटले. सयाजी पुढं आले आणि त्यांनी बरणीला हात घातला. कंडक्टरचा हात तो, चालत्या गाडीत दांडा सोडत नाही. ते ओढतायत तळ्याकडं, मी ओढतोय घराकडं. मध्येच दादऱ्याची गाठ सुटली. बरणी कलंडली. अर्धी चटणी पूजेसाठी मांडलेल्या पत्रावळीवर, मूठभर पायरीवर आणि चिमूटभर वाऱ्यावर. वाऱ्यावरची सरळ पंडितजींच्या नाकात गेली.

ते सात वेळा शिंकले. आठव्यांदा थांबून त्यांनी वास घेतला. "ये तो लहसुन है," म्हणाले आणि दोन पायऱ्या वर जाऊन बसले.

मी दोन्ही हातांनी पत्रावळीवरची चटणी बरणीत भरत होतो.

"ही... चटणी हाय?" वर्षाराणीनं विचारलं.

"मग तुम्हाला काय वाटलं?"

शांतादेवींनी तोंडावर हात ठेवला. तेव्हा मला झेंडूची फुलं आठवली, शाल आठवली, फडताळातल्या मुंग्या आठवल्या आणि शेवटी वाळवंटातली माझी दोन बोटं आठवली. तळ्यात उडी मारावी असं वाटलं.

सगळ्यात आधी सयाजी बोलले. "म्हंजे इतक्या रात्री मी दिवा लावून झोपलो ते चटणीला भिऊन?"

"आणि मी माझी शाल दिली," शांतादेवी म्हणाल्या. "मला अजून शिंका येतायत."

"अस्थी गंगेत सोडल्या आम्ही. मागच्या वर्षीच," मी म्हणालो. "ही तिच्या हातची शेवटची चटणी. एवढीच राहिलीय. म्हणून जपत होतो. चुकलं माझं."

हसतील असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. आण्णांनी टोपी परत घातली आणि सावकाश विचारलं, "तिखट हाय का?"

"म्हंजे काय? कोल्हापूरची हाय."

"आठ दिवस झाले हो," ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि बरणीकडं बघत राहिले. मी मागं वळून बघितलं. दहाच्या दहा जण बरणीकडं बघत होते.

दुपारी ढाब्यावर जेवायला बसलो. बरणी माझ्या पुढ्यात. मनात म्हणालो, आकाराम, ही माणसं तुझ्या हौसासाठी थंडगार फरशीवर अनवाणी उभी राहिली. ओळख ना पाळख, रडली. घरी नेऊन तू एकटा अर्धा-अर्धा चमचा खाणार आणि एक दिवस ती संपणारच. मी उठलो आणि प्रत्येकाच्या ताटात वाढत गेलो. आण्णांच्या कानातनं घाम आला. शांतादेवींनी दोनदा मागून घेतली. सयाजी म्हणाले, "वयनी झक्कास करत होत्या." शेवटी वर्षाराणीनं भाकरीच्या तुकड्यानं बरणी आतनं पुसून घेतली.

संपली.

घरी आलो आणि रिकामी बरणी संयोगितापुढं ठेवली. सगळं सांगितलं. वाळवंटापाशी आलो तेव्हा ती हसून हसून खाली बसली. शेवटी मी म्हणालो, "आता हौसाच्या हातचं काय राहिलं न्हाय घरात." तशी तिनं डोळे पुसले.

"मामा, एक सांगू? रागवायचं न्हाय."

"सांग."

"ती चटणी आत्तींनी केली न्हवती. त्यांना उभं बी ऱ्हावत न्हवतं त्या उन्हाळ्यात. त्या खाटेवरनं सांगत हुत्या आणि मी करत हुते. दादरा तेवढा त्यांनी बांधला."

मी बरणी परत हातात घेतली. "मग मला सांगितलं का न्हाय?"

"आत्ती म्हणाल्या, सांगू नगंस. लई जिभेचं सांगत्यात, बघूया कळतंय का. तुम्ही रोज जेवताना म्हणायचा, हौसा, हात त्यो हात. मग मी आत त्यांच्या खाटेपाशी जायची आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. शेवटच्या महिन्यात त्या तेवढ्याचसाठी उठून बसायच्या."

"आणि ह्या वर्षीची?"

"तीच हाय की. त्याच मिरच्या, तेच माप. फकस्त डबा स्टीलचा हाय."

मी बरणी धुतली, उन्हात वाळवली. स्टीलच्या डब्यातली चटणी तिच्यात भरली, दादरा बांधला. जेवताना सोडला आणि अर्धा चमचा घेतला. काय सांगू, चव बरोबर आली.

तेव्हापासून एक गोष्ट मला झोपताना आठवते. बत्तीस वर्षांत ह्याच जिभेनं मी किती जणांचं दूध परत पाठवलं असेल?

उद्या ज्ञानूकडं जायचं ठरवलंय. एकोणीस वर्षांनी मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून संयोगितानं चटणी बांधून दिलीय. कुणाच्या हातची म्हणून त्यानं विचारलं तर मी सांगणार नाही. त्यानंच चाखून ओळखावी.