हिराबायची उष्णता

आमच्या घरमालकीण हिराबाय घराबाहेर पाण्याचा थेंब पीत नसत. लग्नाला गेल्या तरी सरबताचा ग्लास शेजारणीकडे सरकवायच्या. ही सवय मासळीबाजारात विकायला बसायच्या तेव्हाची. तिथे बायकांना जायला आडोसा नव्हता, म्हणून पहाटेच तहान मारून निघायचं. आता शिरवण्यातल्या त्यांच्या इमारतीत खोलीखोलीला संडास होता, तरी बाय म्हणायच्या, "पानीच नाय पिला तर जावाचाच कशाला?"

दुखण्यांचं त्यांच्याकडे एकच निदान होतं: उष्नता. माझं डोकं दुखलं, उष्नता. वरच्या भाडेकऱ्याची नोकरी गेली, तर त्याच्या साहेबाला उष्नता. मग दारात सब्जाचं पाणी यायचं आणि पेला रिकामा होईपर्यंत बाय हलायच्या नाहीत.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

मध्ये काही दिवस त्यांच्या घरातून फोडणीचा वास येईना. बाय कोपऱ्यावरून वडापाव आणून पायरीवर बसून खायच्या. देवापुढे दिवा लावायला मला हाक मारू लागल्या. "गुडघं दुखतान," म्हणाल्या. पण एकदा संडासातून बाहेर येताना दिसल्या, तर भिंत धरून, ओठ दाबून उभ्या. मी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

"पोरी, पासष्टीला बाई परत बाजूला बसते काय गं?"

मला कळायला जरा वेळ लागला. रक्त दिसलं होतं. पाळी परत आली असं समजून त्या विटाळ पाळत होत्या.

"बाय, लघवीतून जातंय का?"

"तिथूनच वाटता. आनि आग आग व्हते. उष्नता हाय."

मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ताप येतो का, कंबरेत कळ येते का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेता का, बीट खाल्लं होतं का, सगळं त्यांनी विचारलं. "जळजळ बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने होते," त्या म्हणाल्या. "खडा असू शकतो, कधी गाठही असते. पण या वयात रक्त एकदा जरी दिसलं तरी तपासायचं. जळजळ थांबली म्हणून सोडून द्यायचं नाही."

"आनि उष्नता?"

"ती यात नाही, आजी."

बाय हिरमुसल्या.

सोनोग्राफीला पाणी पिऊन लघवी धरून बसायचं होतं. बाकावरच्या बायका चुळबुळत होत्या, बाय ताठ. "ह्यात मना कोन हरवनार?"

मूत्राशयात गाठ निघाली. दुर्बिणीतून काढली. कॅन्सर होता. खोल गेलेला नव्हता, पण पुन्हा उगवू शकणारा, त्यामुळे अधूनमधून दुर्बीण घालून बघत राहायचं, असं सांगितलं.

रिपोर्ट घेऊन रिक्षाने परतताना मी जरा रागानेच विचारलं, "पहिल्यांदा दिसलं तेव्हाच का नाही बोललात? घाबरलात ना?"

"भ्याले नाय." त्या बाहेर बघत बोलत होत्या. "हसले मी. एकलीच. इतकी वर्सं देवाजवल मागितला, म्हनला आता ऐकला त्यानं. आता पोर व्हईल. नावपन ठरवला व्हता."

मी रिपोर्ट पिशवीत घातला.

"कुनाला सांगू नको गं. हसतील."

मग त्याच जराशा हसल्या, आणि पुढे वाकून रिक्षावाल्याला वळण दाखवू लागल्या.