चालायला शिकलेलं तट्टू

घोडी मेल्याचं मसाजीला सगळ्यांत शेवटी कळलं.

तो सकाळीच कुरुंद्याला गेला होता. मेंढरं कोणाच्या रानात बसवायची ते ठरवायचं होतं. मेंढरं रात्रभर बसली की रानाला खत मिळतं आणि मेंढपाळाला जोंधळा मिळतो. परत येताना वाटेत तिघं भेटले. पहिल्यानं न मागता तंबाखू दिली. दुसऱ्यानं तब्येत विचारली. तिसऱ्यानं त्याला लांबून पाहिलं आणि गाडी दुसऱ्या वाटेला घातली. आज लोक लई चांगले वागून राहिले, असं म्हणत मसाजी बिऱ्हाडावर आला. सत्यभामाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

अठरा वर्षांच्या संसारात तिनं मागितल्याशिवाय पाणी दिलं नव्हतं. मसाजी घाबरला.

"कोण मेलं?"

"चांदी," सत्यभामाबाई म्हणाली. "सकाळी बसली ती उठलीच न्हाई. तुमी जाताना तुमच्याकडं बघत व्हती."

चांदीनं अकरा वर्षं त्यांचं बिऱ्हाड पाठीवर वाहिलं होतं. चूल, भांडी, घोंगडी, मेंढरं कोंडायचं जाळं आणि नुकती जन्मलेली कोकरं, सगळं. मसाजी तीन दिवस धड जेवला नाही. आणि नेमकं तिसऱ्या दिवशी त्याची तेरा वर्षांची पोरगी सिंधू त्याच्याजवळ येऊन बसली.

"बा, आता नवं घेताना पळणारं घ्या."

"काहून? आपल्या मागं कोण लागलंय?"

"माघातल्या जत्रंत शर्यत असती. मला उतरायचंय."

मसाजीनं तिच्याकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं. "आयकलं का? घोडी जाऊन तीन दिस न्हाई झाले, अन् हिला शर्यत सुचून राहिली."

"मी तिच्या पाठीवरच बसाया शिकले ना," सिंधू म्हणाली. "पण ती पळत नव्हती. चार पावलं पळाली की मागं बघायची, मेंढरं आली का म्हणून. मला एक डाव पळणाऱ्यावर बसायचंय, बा. एकच डाव."

"मेंढपाळाच्या तट्टानं पळायचं नसतं. ते पळालं तर चूल एका गावात अन् मेंढरं दुसऱ्या गावात. माय काय म्हणती इचार."

सत्यभामाबाई भाकरी थापत होती. "मला पळणारं नगं अन् बसणारं नगं. माझी भांडी न पाडणारं पायजे."

बाजाराच्या दिवशी तिघंही कळमनुरीला गेली. मसाजीनं जाताना बायकोच्या भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं. तट्टू घ्यायचं तर ओझं घालून बघायचं, असं त्याचं म्हणणं होतं. बाजारात उत्तमसिंग नावाचा घोड्यांचा व्यापारी होता. त्यानं एक लांब पायांचं तांबडं तट्टू पुढं आणलं.

"हवा है चाचा, हवा! नांदेडपर्यंत याच्यासारखं दुसरं न्हाई मिळणार."

"हवा नगं," मसाजी म्हणाला. "उभं राहतं का ते सांगा."

"उभं? अरे, पुतळ्यासारखं!"

मसाजीनं गाठोडं तट्टाच्या पाठीवर बांधलं. एका पातेल्यावर दुसरं पातेलं आपटलं. तट्टू पुतळ्यासारखं उभं राहिलं खरं, पण तेवढ्यापुरतंच. मग ते उधळलं. मिरच्यांच्या ढिगाऱ्यातून, बांगड्यांच्या दुकानासमोरून आणि एका न्हाव्याच्या दोन गिऱ्हाइकांमधून ते भांडी वाजवत पार नदीकडं गेलं. मिरच्यांनी अर्धा बाजार शिंकायला लागला. सिंधू मागं पळाली. बऱ्याच वेळानं ती परत आली ती तट्टाच्या पाठीवर, गाठोड्याला धरून, आणि तिचं तोंड असं फुललं होतं की मसाजीनं मान फिरवली.

"न्यायचं न्हाई," तो म्हणाला. "हे जनावर न्हाई, वावटळ हाय."

सत्यभामाबाईनं गाठोडं खाली घेतलं, सोडलं आणि भांडी मोजली. मग परत मोजली.

"समदी हायेत," ती म्हणाली. "इतकं पळालं, पण एक वाटी पाडली न्हाई. घ्या."

"आगं, पण उधळतं ते!"

"चांदी उधळत नव्हती, पण दर मुक्कामाला माझं एक भांडं कमी व्हायचं. मी कवा बोलले का?"

ती कधीच बोलली नव्हती. मसाजीनं पैसे मोजले. तट्टू घेतलं. पण वाटेत त्यानं सिंधूला अट घातली. "जत्रंला दोन म्हयने हायेत. तवर यानं बिऱ्हाड वाहायचं, मेंढरांच्या चालीनं चालायचं, एकदाबी उधळायचं न्हाई. ते जमलं तर शर्यतीला ने. पयली आलीस तर तट्टू तुझं, शर्यतीचं. न्हाई आलीस तर ते बिऱ्हाडाचं, अन् पुन्हा नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," सिंधू म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं तट्टाला चालायला शिकवायला घेतलं. रोज पहाटे ती त्याच्या कानाजवळ पातेली वाजवायची, आधी हळू, मग जोरात. ओझ्याच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांत कोकरं ठेवायची आणि लगाम धरून पुढं चालायची. तट्टानं पाऊल जलद टाकलं की थांबवायची. मागून मेंढी ओरडली की उभं करायची, कारण जाळ्यातल्या कोकराची ती आई असायची. महिनाभरात तट्टू पातेल्यांच्या आवाजात पेंगायला लागलं. दीड महिन्यानं मेंढी ओरडली की ते न सांगता थांबायला लागलं. सगळा कळप त्याच्या मागं चालायचा, कारण कोकरं त्याच्यावर असायची. एकही मेंढी त्याच्या पुढं जात नसे.

"चांदीपेक्षा बरं निघालं," मसाजी एकदा बोलून गेला आणि लगेच त्यानं चांदीला पुरलं होतं त्या दिशेला हात जोडले.

"म्हंजे अट पुरी झाली ना, बा?"

"झाली," मसाजी म्हणाला. यात कुठं घोटाळा झाला आहे हे तोपर्यंत दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी त्यांचं बिऱ्हाड शर्यत सुटायच्या जागेला लागूनच होतं. तिथून गाडीवाटेनं माळावरच्या देवळापर्यंत जायचं, देवळाला वळसा घालायचा आणि सुटायच्या जागी रोवलेल्या निशाणापाशी परत यायचं. गाडीवाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण. शर्यत ऊन उतरल्यावर सुटायची. उकंडराव पाटील पंच होते आणि बक्षिसाचा फेटा त्यांच्या हातात होता.

"पोरगी उतरणार?" उकंडरावांनी विचारलं. "आजवर कोणी उतरली न्हाई."

"आजवर कोणी इचारलं न्हाई," सत्यभामाबाई म्हणाली.

उकंडरावांचा पुतण्या तातेराव दर वर्षी पहिला यायचा. तो हसून म्हणाला, "उतरू द्या काका. मागं कोणीतरी पायजेच की."

हलगी वाजली. चार तट्टं सुटली. सिंधूचं तट्टू उभं राहिलं.

"चल," सिंधू म्हणाली. तिनं टाच मारली, लगाम हलवला, मानेवर थोपटलं. तट्टानं मान वळवून बिऱ्हाडाकडं पाहिलं आणि पुन्हा पुढं पाहिलं. लोक हसायला लागले. सिंधूच्या डोळ्यांत पाणी आलं. मसाजी गर्दीतून ओरडला, "आगं, हाण ना त्याला!"

"हाणून काय करता?" सत्यभामाबाई म्हणाली. "ते वाट बघून राहिलंय. कोकरं न्हाईत पाठीवर."

ती मेंढरं कोंडलेल्या जाळ्याकडं पळाली, दोन कोकरं उचलली, एक सिंधूच्या पुढ्यात ठेवलं आणि दुसरं तिच्या काखेत दिलं. तट्टानं सुस्कारा टाकला आणि निघालं. नेहमीच्या चालीनं. गडबडीत जाळं उघडं राहिलं होतं. कोकरं ओरडली, त्यांच्या आया ओरडल्या, आणि सव्वाशे मेंढरं तट्टाच्या मागं गाडीवाटेवर आली.

तोपर्यंत तातेराव देवळाला वळसा घालून परत फिरला होता. समोरून तांबडं तट्टू येताना पाहून तो हसला. मग त्याला त्यामागची वाट दिसली. म्हणजे वाट दिसलीच नाही, नुसती लोकर दिसली.

"बाजूला घे!" तो ओरडला.

"कुठं घेऊ? काटे हायेत," सिंधू म्हणाली आणि त्याला घासून पुढं गेली. पुढं गेलं ते फक्त तिचं तट्टू. तातेरावाला मेंढरांनी चारी बाजूंनी घेरलं. मागची तिघंही तशीच अडकली. पलीकडून मसाजी कुंपणालगत पळत येत होता. "खबरदार! माझ्या मेंढराला खूर लागला तर याद राखा!"

चौघंही जागच्या जागी थांबले. सिंधूनं देवळाला वळसा घातला. मागून सगळ्या कळपानं वळसा घातला, आणि लोंढ्यात सापडलेल्या चौघांनाही पुन्हा देवळाकडं ढकलत नेलं. दिवस मावळायला आला होता आणि ती मेंढरं कोंडायची वेळ होती. तट्टाला त्या वेळेचा अंदाज बरोबर होता. ते परत निघालं. मेंढरांनी सवयीप्रमाणं त्याला वाट दिली. चौघांना मात्र ती कोणी दिली नाही. सिंधू पुढं, मागं सव्वाशे मेंढरं, आणि त्यांच्यामागं चार शर्यतीची तट्टं, सगळी चरत चरत चालायच्या चालीनं.

"जरा जोरात हाक ना!" तातेराव मागून ओरडला.

"जमत न्हाई," सिंधू म्हणाली. "मेंढी ओरडली की थांबतं ते."

लगेच एक मेंढी ओरडली. तट्टू थांबलं. सगळी शर्यत थांबली.

दिवेलागणीच्या आधी सिंधू निशाणापाशी पोचली. लोक दमले होते. हलगीवाल्याला डुलकी लागली होती.

"पयली आले," सिंधू म्हणाली.

"पळाली कुठं ही?" तातेराव ओरडला. "चालत आली! शर्यत पळायची असती!"

"तुमी पळाला तर पोचला काहून न्हाई?" सत्यभामाबाईनं विचारलं.

उकंडरावांनी फेटा या हातातून त्या हातात घेतला. पळाले ते आधी आले नाहीत, आणि आधी आली ती पळाली नाही. त्यांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "ही शर्यत झाली असं मला म्हणता येत न्हाई, अन् न्हाई झाली असंबी म्हणता येत न्हाई. परवा पुन्हा पळू."

पण परवा दुसऱ्याच रानाचा करार होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच वसमतच्या बाजूला बिऱ्हाड हलवायचं होतं.  पहिली ठरली नव्हती म्हणून सिंधू तट्टावर भांडी बांधायला लागली, तर मसाजीनं गाठोडं तिच्या हातातून घेतलं आणि आपल्या डोक्यावर ठेवलं. सत्यभामाबाईनं घोंगड्या घेतल्या. दोन्ही कोकरं मसाजीनं काखेत मारली.

"आता ते मोकळं हाय," तो म्हणाला. "मेंढरं माझ्या मागं येतील. तू पुढं जा. त्या बाभळीपत्तोर पळव."

सिंधू वर बसली. तट्टू चार पावलं गेलं, थांबलं आणि मागं वळून मसाजीच्या काखेतल्या कोकरांकडं बघत उभं राहिलं.

"आता?" सिंधूनं विचारलं.

"आता याला पळायला शिकवायचं," मसाजी म्हणाला. "दोन म्हयने लागतील."

"म्हंजे तट्टू माझं, शर्यतीचं ना, बा?"

"तुझंच."

ती तिघं, तट्टू आणि मेंढरं चालत वसमतच्या वाटेला लागली. शर्यतीचा निकाल अजून लागलेला नाही, आणि तट्टू अजून पळालेलं नाही.