झऱ्यावर उत्तर लगेच मिळतं

एका जंगलात एकच झरा होता. आणि मुलांनो, झरा एकच असला की राजाची झोप उडते.

एके दुपारी सिंहमहाराजांना झऱ्यावर परक्या जंगलातला तरस दिसला. घटाघटा पीत होता. महाराजांनी ताबडतोब झऱ्याच्या पायवाटेवर वळणावळणाला साळिंदरं उभी केली. प्रत्येकाने येणाऱ्याचे पंजे पाहायचे, वास घ्यायचा, नाव विचारायचं. पहिल्या वळणावर सोडलं, तरी दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. दुसरा द्रोण भरायला आलात, तर सगळं पहिल्यापासून. मधल्या वेळात तुम्ही तरस झाला नाहीत कशावरून?

बाबांच्या फोनवर वेबसाइट उघडताना ती चकती गरगरत राहते ना? तसं झालं. रांग हलेचना.

रांगेत म्हातारे मुंगूसतात्या होते. बिळात त्यांची बायको तापाने फणफणली होती. "अहो, घोटभरच आणा," एवढंच म्हणाली होती. तात्या सकाळी पळसाचा द्रोण घेऊन निघायचे, ते संध्याकाळी परतायचे. तोवर तिची जीभ टाळूला चिकटलेली असायची.

तक्रारी वाढल्या. महाराजांनी शहरातून शिकून आलेल्या कोल्होपंतांना बोलावलं.

"सुरक्षाही हवी आणि वेगही हवा."

कोल्होपंत दिवसभर पहिल्या वळणावर सावलीत बसले. त्यांच्या लक्षात आलं, की वेळ जातो तो 'हो' म्हणण्यात. पंजे बघा, हुंगा, पुढे धाडा. 'नाही' म्हणायला काहीच लागत नाही.

"जो लवकर उत्तर देईल, त्याला रताळं," त्यांनी साळिंदरांना जाहीर केलं. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तात्या आले तर रांगच नव्हती.

"प्रवेश नाही," पहिलं साळिंदर म्हणालं.

"अरे, पंजे तरी बघ!"

"कशाला? वेळ मोडतो."

"घरी आजारी माणूस आहे रे. काल तूच तर सोडलंस मला."

"काल रताळं नव्हतं, तात्या," साळिंदर प्रेमाने म्हणालं. "आणि तुमचं काम झालं की चटकन! उत्तर मिळालं ना? चला, पुढचा कोण?"

तात्या पुन्हा पुन्हा गेले. दर खेपेला उत्तर आधीपेक्षा लवकर मिळालं. शेवटी तर त्यांनी तोंड उघडण्याआधीच मिळालं.

मग महाराज पाहणीला आले. गर्दी नाही, आरडाओरडा नाही, झरा काठोकाठ. पलीकडच्या काठावर तरस तेवढा निवांत पाणी पीत होता. तो डोंगराकडून उतरायचा. तिकडे पायवाट नव्हती, म्हणून साळिंदरही नव्हतं.

"हा कसा आला?"

"महाराज, त्याने विचारलंच नाही," कोल्होपंत म्हणाले. "म्हणजे आपल्या हिशेबी तो आलेलाच नाही."

महाराजांचं समाधान झालं. जंगलात सर्वांत जलद उत्तर मिळालेला रहिवासी म्हणून तात्यांचा सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला.

"बोला तात्या," महाराज म्हणाले. "वेग आणखी वाढवू का?"

तात्यांच्या हातात तो द्रोण अजून होता. वाळून त्याच्या कडा वळल्या होत्या.

"नको महाराज. आता मला घाई नाही."

"समाधानी!" कोल्होपंत ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तात्पर्य: पाणी हवं असेल, तर सरळ वाटेने जाऊन विचारण्याचा गाढवपणा करू नये. केलाच, तर घरी कुणी वाट पाहत नसावं.