कुळथ्याचे ऐंशी टक्के

लिक्सलिपच्या आमच्या भाड्याच्या घरात संडासातला दिवा लावायला पासवर्ड लागत असे.

हे मी गमतीने सांगत नाही. आयर्लंडमधल्या घरांत न्हाणीघराचा दिवा छतावरून लोंबणारी दोरी ओढून लावतात. एकदा ओढली की लागतो, पुन्हा ओढली की विझतो. यात सुधारणा करण्यासारखं काही आहे असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. जयंत कुळथे याला वाटलं. त्याने फोनवरून चालणारा दिवा आणून बसवला, दोरी कुणी चुकून ओढू नये म्हणून तिची गुंडाळी करून छताला चिकटपट्टीने डकवली, आणि घरातल्या प्रत्येकाने आपापला पासवर्ड ठेवावा असं फर्मान काढलं. घरात आम्ही दोघंच. पासवर्ड पहिल्यांदा विसरला तो कुळथेच. आठवडाभर आम्ही दोघेही टॉर्च घेऊन आत जात होतो. शेवटी मी स्टुलावर चढून दोरी सोडवली. त्यावर हा म्हणाला, "थांबला असतास तर बरं झालं असतं, मोघ्या. ऐंशी टक्के झालं होतं."

हे त्याचं आवडतं वाक्य. कुळथ्याची कुठलीही गोष्ट ऐंशी टक्के झालेली असते. कपाटाचं दार ऐंशी टक्के लागलेलं, भात ऐंशी टक्के शिजलेला, दाढीसुद्धा ऐंशी टक्के. मध्येच फोन आला म्हणून एका गालावरची राहिली आणि त्याच अवस्थेत गृहस्थ ऑफिसच्या मीटिंगला बसला. कॅमेरा उजव्या बाजूने लावला, एवढं मात्र सुचलं.

माणूस मूळचा कराडचा, वय अडतीस, उंची सहा फूट, पायाचा नंबर दहा. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. दोन हजार वीसच्या ऑगस्टमध्ये मी त्याच्या घरात राहायला आलो, तेव्हा त्याचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर हललेलं होतं आणि जेवण जिन्यावर. मी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात शिफ्टवर. सारा देश घरात बसला होता तेव्हाही मला सकाळी सातला गेटवर हजर असावं लागे. माझं सगळं काम यादीवर चालतं. एक पायरी झाली, खूण केली, पुढची पायरी. आणि मी एक गोष्ट दोनदा सांगत नाही. कारखान्यात नवी पोरं मला त्यासाठी टरकून असतात.

अशा माणसाच्या नशिबी कुळथे यावा!

त्याचं पहिलं मोठं कर्तृत्व म्हणजे सर्व्हर. इथल्या घरांत गरम पाण्याची टाकी एका कपाटात असते. त्याला हॉट प्रेस म्हणतात. आत छान ऊब असते, टॉवेल, चादरी तिथे ठेवल्या की कोरड्या राहतात. ओलसर हवेच्या देशात याहून शहाणी सोय नाही. कुळथ्याने त्या कपाटात आपला सर्व्हर मांडला. सर्व्हर म्हणजे पडदे फुटलेले तीन जुने लॅपटॉप आणि पत्त्याएवढा एक उघडा कॉम्प्युटर, वायरींनी एकमेकांना बांधलेले. का? तर तिथे फळी रिकामी होती आणि भिंतीत सॉकेट होता. दहा वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या माणसाने घरातली सगळ्यात गरम जागा शोधून तिथे सर्व्हर ठेवला! तो दर दोन तासांनी बेशुद्ध पडू लागला. मग याने आत पंखा लावला. पंख्याने सर्व्हर काही गार होईना, टॉवेल मात्र झाले. मग कपाटाचं दारच काढून ठेवलं. त्या हिवाळ्यात मी ओल्या टॉवेलने अंग पुसत होतो आणि हा मला सांगत होता, की आपल्या घराचा स्वतःचा हवामानाचा आलेख आता जगातून कुठूनही बघता येतो. मी विचारलं, जगातून कोण बघणार आहे? त्यावर तो खरोखरच विचारात पडला.

दुसरं कर्तृत्व बंबाचं. पाणी पटकन तापवायला त्या टाकीत विजेचा कॉइल असतो. इथली माणसं त्याला इमर्शन म्हणतात आणि तो चालू राहिला तर घरावर आकाश कोसळेल असं मानतात. आमच्या घरमालकीण नोराबाई मागच्या गल्लीत राहायच्या. घर देताना त्यांनी एकच अट घातली होती, इमर्शन बंद करा. कुळथे अर्थातच विसरायचा. म्हणून त्याने जिन्यात स्पीकर लावला आणि रोज संध्याकाळी सातला कराडहून त्याच्या आईचा ध्वनिमुद्रित आवाज घरभर घुमू लागला : "जयंता, बंब विझवलास का रं?" मी घरून फोनवर नाइट मॅनेजरशी गंभीर बोलत असताना हा आवाज दोनदा पलीकडे गेला. कुळथ्याला म्हटलं, स्वतःचा आवाज का नाही भरलास? म्हणाला, "माझं मी ऐकत नाही रे. आईचं ऐकतो."

आणि चहा! दिवसातून सहा वेळा हा पाणी उकळायचा, आधण कपात ओतायचा आणि निघून जायचा. गार चहाचे कप मला जिन्यात मिळाले, पुस्तकांच्या मागे मिळाले, एकदा वॉशिंग मशीनवर दोन शेजारी-शेजारी मिळाले. शिवाय माझ्या रबरी सपाता. मागच्या दाराशी मी त्या नीट जोडीने ठेवत असे. डिसेंबरपासून त्या मला कामाच्या दिवशी पहाटे ओल्या मिळू लागल्या, टाचा दाबलेल्या, आत गवताची पाती. विचारलं तर "हां, जरा मागे गेलो होतो" एवढंच उत्तर. माझ्या सपाता, त्याचे दहा नंबरी पाय, आणि पावसात अंगणात जायचं कारण काय ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

जानेवारीत मी ठरवलं, बास. जवळच्या नास गावात माझा कॉलेजचा मित्र नितीन राहतो, त्याच्याकडे खोली रिकामी होत होती. मार्चअखेर आमच्या घराचा करार संपत होता. कुळथ्याला अजून सांगितलं नव्हतं. त्याच्याकडून आधी तीन जण सोडून गेले होते, त्यांची नावं तो वायफायच्या जुन्या यंत्रांना द्यायचा. चौथं यंत्र कधी येईल आणि त्याचं नाव काय असेल हे मला कळत होतं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून म्हणाला, "मोघ्या, मला एडीएचडी आहे म्हणतात. लक्ष एका जागी टिकत नाही, तो प्रकार. ऑनलाइन डॉक्टरशी बोललो. लहानपणापासूनच असणार. आता रीतसर तपासणी करायचीय, त्याआधी फॉर्म भरायचाय."

मी कांदा चिरत होतो. मी म्हणालो, "आमच्याकडे त्याला आळस म्हणतात."

तो हसला. "आमच्याकडेही."

फॉर्म महिनाभर टेबलावर पडून होता. एकदा मी उचलून बघितला. एक प्रश्न होता : हाती घेतलेलं काम तुम्ही शेवटच्या टप्प्यावर सोडून देता का? कुळथ्याने तिथवर सगळी उत्तरं लिहिली होती आणि त्या प्रश्नावर फॉर्म सोडून दिला होता. मी हा किस्सा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दोन मीटर अंतर राखून सर्वांना सांगितला. खूप हसले लोक.

न्यायाने एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या घरात कुळथ्याची एकच करामत चालत होती, ती म्हणजे पहाटेचं हीटिंग. नोव्हेंबरात मी एकदा म्हणालो होतो, की शिफ्टसाठी सव्वापाचला उठतो तेव्हा घर इतकं गार असतं की बोटं वळत नाहीत. शनिवारी हा मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेला. बॉयलर तिथे असतो. जुना टायमर खोलून त्याने आपली सर्किटं जोडली, माझ्या शिफ्टचं वेळापत्रक त्यात घातलं, आणि सोमवारपासून मी उठायच्या आत रेडिएटर कोमट व्हायला लागले. चार दिवस कामाचे, चार सुट्टीचे, हिशेब कधी चुकला नाही. चुकला तो जानेवारीत एकदाच. त्या दिवशी मी त्याला पंधरा मिनिटं उभं करून झापलं. तो म्हणाला, "सॉरी रे. अपडेट आला होता."

फेब्रुवारीत सुट्टीच्या दिवशी मी मागे कपडे वाळत घालत होतो. आयर्लंडमध्ये हा आशावादाचा प्रकार आहे. भिंतीपलीकडून नोराबाईंनी हाक मारली.

"यू'र वॉर्म इनफ, लव?"

"ग्रँड," मी म्हणालो.

"आणि युअर मॅन?" म्हणजे कुळथे. "त्याचं बरं आहे ना?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, की तो पहाटे पाचच्या आत, भर पावसात, ड्रेसिंग गाऊन घालून शेडमध्ये काय करतो? त्यांचा म्हातारा कुत्रा त्या वेळी बाहेर यायचा हट्ट धरतो, म्हणून त्यांना रोज दिसतं. रोज म्हणजे चार दिवस दिसतो, मग चार दिवस नाही. "आधी वाटलं सिगारेट ओढतो. पण एक मिनिट आत जातो आणि परत येतो. गॉड लव हिम."

मी कपडे तसेच टाकून शेडमध्ये गेलो. कुळथ्याची सर्किटं तिथे होती. मधला भाग जळून काळा पडला होता आणि एक वायर नुसतीच लोंबत होती. त्यावर धूळ होती, म्हणजे जळाल्याला दिवस झाले होते. जुना टायमर बिस्किटांच्या डब्यात, स्क्रूंसकट. बॉयलरच्या बाजूला भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर माझ्या शिफ्टचे दिवस लाल पेनाने गोल केलेले आणि प्रत्येक गोलात एक बरोबरची खूण. डिसेंबरपासून काल सकाळपर्यंत. जानेवारीत एका गोलात फुली, तिच्याशेजारी लिहिलेलं : "परत झोपलो. मोघे गारठला." आणि खाली अधोरेखित : "परत झोपायचं नाही."

मला माझी लाज वाटली, आणि ती वाटायला कॅन्टीनमधलं हसणंच पुरेसं होतं.

चार दिवसांनी माझी शिफ्ट सुरू झाली. त्या पहाटे मी आधीच जागा होतो. पावणेपाचला त्याच्या खोलीत गजर झाला, पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. तिसरा स्टीलच्या पातेल्यात ठेवलेला असावा, भिंती थरथरल्या. इतके महिने मी हा आवाज कानात बोळे घालून, उशीखाली थरथरणाऱ्या फोनच्या भरवशावर झोपल्यामुळे ऐकलाच नव्हता, आणि त्याने मला ते बोळे स्वतः आणून दिले होते. जिना करकरला. मागचं दार उघडलं, पाऊस आत ऐकू आला. मिनिटभराने तो परत आला, दार लागलं. मी खाली गेलो.

कुळथे ओट्याशी उभा होता. माझ्या सपाता पायात, केस ओले, पुढ्यात चहाचा कप. रेडिएटर टिकटिक करायला लागला होता आणि तो त्याकडे कान देऊन होता.

"हीटिंग ऑटोमॅटिक आहे ना रे?" मी विचारलं.

"आहे की," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "म्हणजे ऐंशी टक्के. बाकीचं मॅन्युअल."

"मला सांगितलं का नाहीस?"

"दुरुस्त करणारच होतो. या वीकेंडला." त्याने पायांकडे बघितलं. "सपाता पुसून ठेवायच्या राहतात, ते मात्र खरंय." मग कप उचलून, न पिता परत ठेवून, सहज विचारावं तसं विचारलं, "नासच्या घरात हीटिंग कसलंय? नितीनला विचारून ठेव. जुनं घर असेल तर तुला त्रास होईल."

माझा फोन लागेना म्हणून नितीनने त्याला फोन केला होता म्हणे, तीन आठवड्यांपूर्वी, मी कामावर असताना. निरोप द्यायचा राहून गेला, म्हणाला. तीन आठवडे हा माणूस, मी जाणार हे ठाऊक असून, माझ्यासाठी पावसात उठत होता.

मी सिंककडे तोंड करून म्हणालो, "मी नासला जात नाहीये. करार पुढे चालू ठेवू."

वळून बघितलं तर कुळथे रेडिएटरशी उकिडवा बसून, डोकं वाकडं करून, कसली तरी झडप बोटाने चाचपत होता.

"काय म्हणालास?" तो वर बघून म्हणाला. "सॉरी. इथे हवा अडकलीय बहुतेक. ऐकलंच नाही."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि दुसऱ्यांदा सांगितलं.