सीतक्कांची अवघड लेव्हल

बेंगळुरूच्या जयनगरातल्या आमच्या इमारतीत जिन्यावरून "अभ्यास पुरे रे, गेम खेळायला या!" अशी हाक मारणारी मोठी व्यक्ती एकच, वरच्या मजल्यावरच्या सीतक्का. वय सत्तरीला टेकलेलं, अंबाड्यात गजरा, नाकावर घसरलेला चष्मा आणि समोर कम्प्युटर.

आम्ही आईबाप सुरुवातीला हबकलोच. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं!

पण गेम अक्कांनी स्वतः बनवलेले. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिले, निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले. त्यांच्या गेममधला रिक्षावाला अस्सल बेंगळुरी. मीटरच्या दीडपट मागतो, आणि दीडपट म्हणजे किती ते बरोबर सांगितल्याशिवाय रिक्षा हलतच नाही. उत्तर चुकलं तर लाल फुली नाही. अक्कांचाच कानडी वळणाचा आवाज येतो, "सरी, असू दे, सोड. स्वल्प वेगळं करून बघ."

गणित म्हटलं की जिच्या पोटात दुखायचं त्या माझ्या मुलीने परवा खऱ्या रिक्षावाल्याचा दीडपटीचा हिशोब चुकीचा ठरवला. मी धन्य झाले.

"मशीनला राग येत नाही मा," अक्का म्हणतात. "म्हणून पोरं त्याच्यापुढे चुकायला भीत नाहीत. आपल्यापुढे भितात."

एकच गोष्ट विचित्र. गेममध्ये मदतीचं बटण नाही. अडलं तर अक्कांनाच विचारायचं, तेही मराठीत. "एक बटण टाका की," असं मी कितीदा म्हटलं, पण त्या ताकास तूर लागू देईनात.

कारण हळूहळू कळलं. त्यांची नात अन्वी व्हाइटफिल्डला राहते. गाव हेच, पण इथलं ट्रॅफिक बघता परदेशच म्हणायचा. तिच्या घरी सगळं इंग्रजीत. आजीशी काय बोलावं हे तिला सुचत नसे, गेममध्ये अडली की मात्र फोन यायचा, "आजी, हे कसं करायचं?" म्हणून अक्का सारख्या नवी लेव्हल रचायच्या, आधीपेक्षा अवघड.

मग व्हायचं तेच झालं. पोरगी हुशार निघाली. तिचं अडेनासं झालं आणि फोन थांबले.

"शिकली हो माझी नात," अक्का सांगत होत्या. अभिमान खरा होता, पण चेहरा पार उतरला होता. मला फार वाईट वाटलं.

गेल्या रविवारी मुलीला घेऊन वर गेले, तर अक्का कम्प्युटरपुढे हसत बसलेल्या. अन्वीने स्वतः एक लेव्हल बनवून आजीला पाठवली होती. पडद्यावर गणित होतं, पाऊण अधिक पाव किती?

माझी मुलगी "एक!" म्हणून ओरडणार, तोच अक्कांनी तिला डोळ्यांनी दटावलं. फोन लावला आणि अगदी रडकुंडीला आल्यासारखा आवाज काढून म्हणाल्या,

"अन्वी पुट्टी, बाळा, मला नाही गं हे जमत. सावकाश समजावून सांग बघू."